छोट्या धंद्याच्या वेबसाईटला फुकटचं एसएसएल पुरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लास, दवाखाना, होमस्टे, मसाले-लोणची, आंब्याच्या पेट्या, ट्रॅव्हल्स, वकिली, असा कुठलाही छोटा धंदा आणि त्याची छोटी वेबसाईट असेल तर हे पान तुमच्यासाठी आहे. साईट करून घेणारे लोक फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर जे विचारतात तेच इथे जमवलंय, क्रम फार लावलेला नाही. घाई असेल तर पहिला प्रश्न आणि रिन्यूवाला, म्हणजे ९० दिवसांचा प्रश्न वाचा, बाकीचं अडलं की बघा.

एसएसएल लागतं की नाही, एवढंच सांगा.

लागतं. साईट एका पानाची असली तरी लागतं. आणि छोट्या धंद्याला जवळजवळ नेहमीच फुकटवालं पुरतं. लोक फुकट की विकत यावर तासभर घालवतात, पण खरी मेख तिथे नाहीये, ते आपोआप रिन्यू होतंय का आणि एखाद्या रविवारी नाही झालं तर फोन कोणाला लावायचा, तिथे आहे.

हे नेमकं करतं काय?

दोन कामं. एक, ग्राहकाचा फोन आणि तुमचा सर्व्हर (साईट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर) यांच्यात जे जातं-येतं ते मधल्या कोणाला वाचता येत नाही की बदलता येत नाही. दोन, ब्राउझरला खात्री देतं की हा सर्व्हर खरंच याच डोमेनचा, म्हणजे साईटच्या नावाचा आहे. बस. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीच्या पुढे जो एस लागतो तो याच्यामुळे. तंत्राचं आजचं नाव खरं तर टीएलएस आहे, एसएसएल कधीच बाद झालं, पण बाजारात सगळे एसएसएलच म्हणतात म्हणून आपणही तेच म्हणू. एसएसएल घेणं म्हणजे सर्व्हरवर त्याचं सर्टिफिकेट बसवणं, पुढे सर्टिफिकेट म्हटलंय ते हेच.

माझ्या साईटवर फक्त पत्ता, फोन नंबर आणि चार फोटो आहेत. चोरण्यासारखं काही नाहीच, मग कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो चुकीचा नाहीये, फक्त त्यात "चोरणं" एवढंच धरलेलं असतं, "बदलणं" सुटतं. साधी एचटीटीपी साईट असली की मधला कोणीही, म्हणजे लॉजचं वायफाय, कॅफेचा राउटर, इंटरनेट कंपनी, पान ग्राहकापर्यंत पोचायच्या आत त्यात हात घालू शकतो. ही कल्पना नाहीये, २०१५ साली आपल्याच देशात एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या थ्रीजीवर साध्या साईट्सच्या पानांत कंपनीकडून आपोआप एक स्क्रिप्ट घुसवली जात असल्याचं एका प्रोग्रामरने उघड केलं होतं. आता विचार करा, तुमच्या साईटवर यूपीआयचा क्यूआर लावलाय किंवा बुकिंगचा नंबर दिलाय, आणि कोणी तो मधल्यामध्ये बदलला तर तुम्हाला कळणारही नाही, तुमच्या फोनवर तर तुमचाच नंबर दिसेल.

शिवाय एक गोष्ट लोक विसरतात, ग्राहक काही भरत नसला तरी तुम्ही स्वतः भरता. वर्डप्रेसचं लॉगिन. एचटीटीपीवर तो पासवर्ड जसाच्या तसा वायरवरून जातो, आणि तुम्ही तो एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायवरून टाकत असाल तर मग काय बोलायचं.

क्रोममध्ये "नॉट सिक्युअर" दिसतंय, म्हणजे व्हायरस लागलाय का?

नाही. साईट एचटीटीपीवर आहे एवढाच त्याचा अर्थ. जानेवारी २०१७ मध्ये क्रोमने पासवर्ड आणि कार्ड नंबर मागणाऱ्या एचटीटीपी पानांवर हा शेरा मारायला सुरुवात केली आणि जुलै २०१८ पासून, क्रोम ६८ आलं तेव्हा, सरसकट सगळ्याच एचटीटीपी साईट्सवर. पुढचं पाऊल म्हणून गूगलने जाहीर केलंय की ऑक्टोबर २०२६ च्या क्रोम १५४ पासून एचटीटीपी साईट पहिल्यांदा उघडताना क्रोम आधी परवानगी विचारेल. म्हणजे ग्राहकाला एक जास्तीचं बटण दाबावं लागणार, आणि किती जण ते दाबतील ते तुम्हीच ओळखा.

गूगलवर वर येईन का याने?

किंचित. ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने सांगितलं की एचटीटीपीएस हा रँकिंगमधला एक हलका सिग्नल आहे. हलका म्हणजे हलकाच. "एसएसएल घ्या, पहिल्या पानावर या" असं कोणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

फुकट कसं काय देतात? कुठेतरी गोम असणारच.

संशय बरोबर आहे, आपल्याकडे फुकट म्हटलं की आधी मागची बाजू बघतात. पण इथे खरंच गोम नाहीये. लेट्स एन्क्रिप्ट नावाची सेवा आहे, ती चालवते इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातली काही मंडळी यांनी ते सुरू केलं, नोव्हेंबर २०१४ मध्ये घोषणा झाली आणि ३ डिसेंबर २०१५ ला सगळ्यांसाठी खुलं झालं. खर्च देणग्या आणि स्पॉन्सर कंपन्यांमधून निघतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्यांनी एक अब्ज सर्टिफिकेटं दिली होती.

आणि परवडतं कारण माणूस लागतच नाही. तुमचा सर्व्हर सांगतो की हे डोमेन माझं आहे, ते म्हणतात बरं, मग अमुक फाईल अमुक ठिकाणी ठेवून दाखव किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर जातं त्या नोंदवहीत, अमुक ओळ टाकून दाखव, सर्व्हर ते करतो, ते तपासतात, सर्टिफिकेट मिळतं. सगळं मिनिटभरात. सातशे-हजार रुपयांना जे साधं सर्टिफिकेट विकतात त्यातही तपासणी हीच असते बरं का, डोमेन तुमच्या ताब्यात आहे का एवढीच.

पण फुकटवाल्याचं एन्क्रिप्शन कच्चं असणार ना?

नाही. एन्क्रिप्शन, म्हणजे जातं-येतं ते दुसऱ्याला वाचता येणार नाही असं करणं, किती पक्कं ते तुमच्या सर्व्हरच्या आणि ग्राहकाच्या ब्राउझरच्या सेटिंगवर ठरतं, सर्टिफिकेटच्या पावतीवर नाही. "२५६ बिट मिलिटरी ग्रेड" असं जाहिरातीत लिहितात ते फुकटवाल्यातही तसंच असतं.

सेल्सवाला म्हणतो धंद्यासाठी फुकटचं चालत नाही, पेडवर वॉरंटी मिळते, हिरवी पट्टी मिळते.

हिरवी पट्टी इतिहासजमा झाली. ईव्ही नावाचं महाग सर्टिफिकेट घेतलं की पूर्वी पत्त्याशेजारी कंपनीचं नाव हिरव्यात दिसायचं, ते क्रोम ७७ ने सप्टेंबर २०१९ मध्ये आणि फायरफॉक्स ७० ने ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथून काढून टाकलं, कारण लोक ते बघतच नव्हते. कुलूपही गेलं, सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने कुलपाच्या जागी दोन सरकपट्ट्यांचं चिन्ह आणलं. तर "कुलूप दिसेल" म्हणून जो पैसे मागतोय त्याने क्रोम बरेच दिवसांत उघडलेलं नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर अटी वाचा. ती सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीने चुकीच्या माणसाला सर्टिफिकेट दिलं आणि त्यातून नुकसान झालं अशा प्रसंगासाठी असते. तुमची साईट हॅक झाली, कोणी ऑर्डरचे पैसे बुडवले, याचा तिच्याशी संबंध नसतो.

मग विकतचं कधी घ्यायचं?

प्रसंग येतात, नाही असं नाही. तुम्ही एखाद्या मोठ्या कंपनीचे किंवा बँकेचे व्हेंडर आहात आणि त्यांच्या चेकलिस्टमध्ये ओव्ही सर्टिफिकेट पाहिजे असं लिहिलंय, तर वाद घालू नका, घेऊन टाका. ओव्ही म्हणजे ज्यात कंपनीची कागदपत्रंही तपासतात. ग्राहकाला ब्राउझरमध्ये फरक दिसत नाही, पण व्हेंडरच्या फॉर्मवर टिक होते आणि तेवढ्यासाठीच ते असतं. दुसरं म्हणजे एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर किंवा मशीन ज्यात सर्टिफिकेट हातानेच चढवावं लागतं. तिसरं, साईट ठेवायला जागा देणारी होस्टिंग कंपनी फुकटचं लावूच देत नाही आणि होस्टिंग बदलणं सध्या शक्य नाही. या तिसऱ्या प्रकाराबद्दल पुढे बोललोय.

नुसतं ऑनलाईन पेमेंट घेता म्हणून विकतचं पाहिजे असं काही नाहीये. पेमेंट गेटवेला एचटीटीपीएस हवं असतं, ते कोणाकडून घेतलं याने फरक पडत नाही.

९० दिवसांत संपतं म्हणे? मग दर तीन महिन्यांनी मीच बघत बसायचं का?

बघत बसायचं नाही, पण बघायला कोणीतरी नेमलेला पाहिजे.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं येत आलंय, आणि तेही पुढे कमी होणार आहे, २०२८ मध्ये ४५ दिवसांवर आणणार असं त्यांनी सांगितलंय. हे माणसाने हाताने करायचं कामच नाही. होस्टिंगवर सीपॅनल (होस्टिंगची सेटिंग्ज बघायचं पान) असेल तर त्यात ऑटोएसएसएल असतं ते स्वतः करतं, स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉट नावाचा प्रोग्राम असतो, तो साधारण ३० दिवस उरले की नवीन आणून ठेवतं. चालू आहे तोवर तुम्हाला पत्ताही लागत नाही. आणि हाच घोळ आहे, बंद पडलं तरी पत्ता लागत नाही. जून २०२५ पर्यंत लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपत आली की ईमेल पाठवायचं, तेही त्यांनी बंद केलंय.

आणि संपलेलं सर्टिफिकेट हे सर्टिफिकेट नसण्यापेक्षा वाईट. नसेल तर कोपऱ्यात "नॉट सिक्युअर" येतं, संपलं असेल तर पानभर लाल वॉर्निंग येते आणि माणूस सरळ मागे जातो. कोकणातल्या एका होमस्टेचं ऐन दिवाळीच्या सुट्टीत असं झालं होतं, मालकांना वाटत होतं यंदा फोन कमी येतायत कारण पाऊस लांबला.

रिन्यू का अडतं याची नेहमीची कारणं सांगतो, तुमच्या वेबसाईटवाल्याला दाखवा. साईट नवीन होस्टिंगवर हलवली पण डीएनएसमध्ये जुना आयपीव्ही६ पत्ता तसाच राहिला, तपासणी जुन्या सर्व्हरवर जाते आणि नापास होते. किंवा "आपल्याला एचटीटीपी नको" म्हणून कोणी पोर्ट ८० बंदच करून टाकलं, तर फाईल ठेवून जी तपासणी होते ती त्याच पोर्टवरून सुरू होते. किंवा सिक्युरिटी प्लगिनमध्ये "फक्त भारतातूनच ट्रॅफिक येऊ द्या" असं चालू केलेलं असतं, हे फारच कॉमन आहे, आणि लेट्स एन्क्रिप्ट तपासणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून करतं, मग कसं जमणार. आणि सगळ्यात चिडचिड करणारं म्हणजे सर्टबॉटने नवीन सर्टिफिकेट आणून ठेवलेलं असतं, फाईल ताजी असते, पण वेबसर्व्हरला कोणी रिलोडच केलेलं नसतं म्हणून तो जुनंच दाखवत बसतो. यासाठी डिप्लॉय हुक लावायचा असतो, एकदाच.

चुकलं म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. तपासणी तासाला पाचदा नापास झाली की ते थांबवतात, आणि त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाचपेक्षा जास्त वेळा देत नाहीत. आधी कारण शोधा, मग दाबा.

त्यापेक्षा विकतचं वर्षभराचं घेतलं तर कटकट नाही ना?

होती ती सोय, आता जातेय. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या यांचा एक फोरम आहे, त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की सर्टिफिकेटची कमाल मुदत, जी ३९८ दिवस होती, ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. फुकट असो नाहीतर विकत, सगळ्यांना एकच माप. तर "पाच वर्षांचं एसएसएल, स्पेशल ऑफर" याचा अर्थ पैसे पाच वर्षांचे आत्ता द्या आणि सर्टिफिकेट मात्र मधून मधून नव्याने काढून चढवत बसा. ऑटोमेशन तर लागणारच आहे, आणि ते फुकटवाल्याबरोबर आधीपासूनच येतं. विकतच्यावर वर १८ टक्के जीएसटी, ते वेगळंच.

माझं चालू आहे का हे मी स्वतः कसं बघू?

फोनवर क्रोममध्ये साईट उघडा, पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, कनेक्शनची माहिती येते, त्यात सर्टिफिकेट आणि त्याची शेवटची तारीख दिसते. कॉम्प्युटरवर जास्त नीट दिसतं. ती तारीख ३० दिवसांच्या आत आली असेल आणि आठवड्याने बघितलं तरी तीच असेल तर वेबसाईटवाल्याला फोन करा. मुदतीवर लक्ष ठेवून ईमेल करणाऱ्या फुकट सेवाही आहेत, एक लावून ठेवा, आणि ईमेल तुमच्या स्वतःच्या पत्त्यावर येऊ द्या, ज्याने साईट केली त्याच्या नको.

होस्टिंग कंपनी म्हणते आमच्या प्लॅनमध्ये फुकटचं नाही, वर्षाला अमुक हजार भरा.

काही कंपन्या स्वस्तातल्या प्लॅनवर मुद्दामच देत नाहीत, कारण एसएसएल विकणं हाही त्यांचा धंदाच आहे, आणि तो त्यांनी करू नये असं आपण म्हणू शकत नाही. पण होस्टिंगची किंमत धरताना ही रक्कम त्यात मिळवून धरा, मग तो "स्वस्त" प्लॅन बऱ्याचदा शेजारच्या प्लॅनपेक्षा महाग निघतो. नवीन होस्टिंग घ्यायच्या आधी एवढंच विचारा: लेट्स एन्क्रिप्ट किंवा ऑटोएसएसएल या प्लॅनमध्ये आहे का, आपोआप रिन्यू होतं का, सबडोमेनलाही (डोमेनच्या आधी एखादं नाव जोडून केलेल्या पत्त्यालाही) मिळतं का. उत्तर गोलगोल आलं तर समजून घ्या. आणि कोणी "एसएसएलला डेडिकेटेड आयपी लागतो, त्याचे वेगळे" म्हणालं तर ते विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं आहे, आता एका आयपीवर शेकडो साईट्स वेगवेगळ्या सर्टिफिकेटने आरामात चालतात.

मी विक्स, शॉपिफाय, ब्लॉगर यावर साईट केलीय.

मग तुम्हाला काहीच घ्यायचं नाहीये, ते लोक स्वतःच देतात, तुमचं स्वतःचं डोमेन जोडलं तरी. ब्लॉगरवर मात्र स्वतःच्या डोमेनसाठी सेटिंगमध्ये जाऊन एचटीटीपीएस चालू करावं लागतं आणि त्याखाली रिडायरेक्टचं (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर पाठवायचं) वेगळं बटण आहे, तेही.

क्लाउडफ्लेअर लावलं की झालं ना?

अर्धं. क्लाउडफ्लेअर ही ग्राहक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सेवा आहे. सप्टेंबर २०१४ पासून ते फुकट एसएसएल देतात आणि छान चालतं, पण त्यांच्याकडे "फ्लेक्सिबल" नावाचा मोड आहे तिथे पाय अडकतो. त्यात ग्राहक ते क्लाउडफ्लेअर एन्क्रिप्टेड, आणि क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर उघडंच. ग्राहकाला वाटतं सगळं सुरक्षित, ते नसतं. वर तुमच्या सर्व्हरवरही एचटीटीपीएसचा रिडायरेक्ट असेल तर साईट गोल गोल फिरत राहते आणि "टू मेनी रिडायरेक्ट्स" येतं. सर्व्हरवरही फुकटचं सर्टिफिकेट लावा आणि मोड "फुल स्ट्रिक्ट" ठेवा.

सर्टिफिकेट लागलंय, तरी ब्राउझर पूर्ण सुरक्षित म्हणत नाही / काही फोटोच दिसत नाहीत.

जुने फोटो, स्क्रिप्ट, फॉन्ट यांचे पत्ते पानात एचटीटीपीनेच लिहिलेले राहिलेत. याला मिक्स्ड कंटेंट म्हणतात. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्ज, जनरलमध्ये दोन्ही पत्ते एचटीटीपीएस करा, मग बॅकअप घेऊन, परत सांगतो, बॅकअप घेऊन, बेटर सर्च रिप्लेससारख्या प्लगिनने डेटाबेसमधले जुने पत्ते बदला. मग सगळं एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर ३०१ ने, म्हणजे कायमचं, रिडायरेक्ट करा, नाहीतर सर्टिफिकेट असूनही अर्धे लोक जुन्याच दाराने येत राहतील.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि शिवाय, दोन सर्टिफिकेटं लागतात?

एकाच सर्टिफिकेटमध्ये दोन्ही नावं घालता येतात, घालायचीच. एक राहून गेलं की अर्ध्या ग्राहकांना वॉर्निंग येते आणि तुम्हाला येत नाही, कारण तुम्ही नेहमी दुसऱ्याच नावाने उघडता.

सबडोमेन खूप असतील तर त्या सगळ्यांना एकच चालणारं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट मार्च २०१८ पासून फुकट मिळतं, त्याला डीएनएसवाली तपासणी लागते. एक सावधगिरी: दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये होते, कोणीही शोधू शकतो. तुम्ही "टेस्ट" किंवा "जुनीसाईट" असं सबडोमेन करून त्याला सर्टिफिकेट घेतलं तर ते गुपित राहत नाही, थोड्याच वेळात बॉट, म्हणजे आपोआप साईट्स धुंडाळणारे प्रोग्राम, दार ठोठवायला लागतात. अर्धवट वर्डप्रेस, अॅडमिन-अॅडमिन पासवर्डसकट, तिथे ठेवू नका.

माझं डोमेन देवनागरीत आहे, डॉट भारत. त्याला मिळतं का?

मिळतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून आहे आणि लेट्स एन्क्रिप्ट ऑक्टोबर २०१६ पासून अशा डोमेनला सर्टिफिकेट देतं. फक्त सर्टिफिकेटमध्ये तुमचं नाव देवनागरीत नाही, एक्सएन आणि दोन आडव्या रेघा अशा सुरुवातीच्या विचित्र रोमन रूपात दिसेल. डोमेन यंत्रणेला तेच रूप कळतं, घाबरू नका.

काही ग्राहकांना वॉर्निंग येते, बाकीच्यांना नाही.

आधी त्यांच्या फोनची तारीख बघायला सांगा. बॅटरी पूर्ण उतरली की जुने फोन कधीकधी भलत्याच सालात जातात आणि मग जगातली सगळी सर्टिफिकेटं त्यांना चुकीची वाटतात. तारीख बरोबर असेल तर फोनच फार जुना असेल, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट ओळखत नाहीत, पूर्वी त्यांच्यावर फायरफॉक्स टाकलं तर चालायचं कारण ते विश्वासू सर्टिफिकेटांची स्वतःची यादी बाळगतं, पण नवं फायरफॉक्स आता इतक्या जुन्या फोनवर येत नाही. तुमचा बराचसा धंदा अशा फोनवाल्यांकडून येत असेल तर विकतचं घ्यायचं हे एक खरं कारण होऊ शकतं, पण आधी साईटच्या आकडेवारीत बघून घ्या.

एसएसएल आहे म्हणजे साईट हॅक होणार नाही ना?

होईल की. एसएसएल रस्त्यावरचं राखतं, घरातलं नाही. जुना प्लगिन, सोपा पासवर्ड, चोरीची थीम, यातलं काहीही असलं तर एचटीटीपीएससकट हॅक होते.

उलटंही खरं आहे, एचटीटीपीएस आहे म्हणून साईट प्रामाणिक असं नाही. भिंतीवर गुमास्ता लायसन लावलं म्हणून दुकानदार मापात मारणार नाही असं कुठे असतं? फसवणाऱ्या साईट्सही फुकटचं सर्टिफिकेट घेतातच. म्हणून "आमच्या साईटवर एसएसएल आहे, बिनधास्त पैसे भरा" असं ग्राहकाला सांगू नका, त्याला जीएसटी नंबर, दुकानाचा पत्ता आणि उचलला जाणारा फोन द्या.

जीएसटी भरायला सीएकडे माझं डिजिटल सर्टिफिकेट आहे, यूएसबीवालं. तेच लावता येईल का?

नाही, ते डिजिटल सिग्नेचर, तुमच्या सहीच्या जागी. ते साईटला चालत नाही आणि साईटचं हे रिटर्नला चालत नाही.

परदेशी संस्थेवर कशाला विसंबायचं, भारतीय किंवा सरकारी घेतलं तर?

भारतीय हवं असेल तर ई-मुद्राचं एमसाइन आहे, ब्राउझर ते मानतात, पैसे पडतात. सरकारीचं म्हणाल तर जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या) सर्टिफिकेट विभागातून गूगलच्याच डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती, त्यानंतर एनआयसीची ती मधली सर्टिफिकेटं रद्द झाली. असं फक्त भारतात झालं असं नाही, हॉलंडमधली डिजिनोटार कंपनी २०११ मध्ये अशाच भानगडीत बुडाली. तो सार्वजनिक लॉग आला तो असल्याच प्रकारांमुळे.

तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट दुसऱ्या कोणी काढू नये असं वाटत असेल तर डीएनएसमध्ये सीएए नावाची ओळ टाकून फक्त अमुक संस्थेनेच द्यावं असं सांगता येतं. उद्या संस्था बदलली तर ती ओळही बदला, नाहीतर रिन्यू अडेल.

कायद्याने सक्ती आहे का?

"एसएसएल लावा" असं नाव घेऊन छोट्या साईटला सांगितलेलं नाही. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती घेणाऱ्याने वाजवी सुरक्षा ठेवावी असं आहे, त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या क्लासच्या चौकशी फॉर्मवर मुलांची नावं आणि नंबर उघड्यावरून येत असतील तर "वाजवी" म्हणून काय दाखवणार? बाकी कायद्याचं वकिलांना विचारा.

"तुमचं एसएसएल आज संपतंय, लगेच पैसे भरा" असा ईमेल आलाय.

लिंक दाबू नका. वर सांगितलं तसं स्वतः तारीख बघा. फुकटच्या सर्टिफिकेटसाठी पैसे मागणारा ईमेल तर उघडच खोटा. सर्टिफिकेटचे लॉग सार्वजनिक असल्याने तारीख बघून असे ईमेल पाठवणं अवघड नाही, म्हणून त्यातली तारीख बरोबर असली तरी भुलू नका.

कार्डावर, बॅनरवर आणि क्यूआरमध्ये जुना एचटीटीपी पत्ता छापलाय.

३०१ रिडायरेक्ट असेल तर सगळं चालत राहील, नव्याने छापायची गरज नाही. गूगलवरच्या धंद्याच्या प्रोफाइलमधली लिंक तेवढी बदला, ते फुकटात होतं.

ज्या मुलाने साईट केली तो पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलत नाही.

हे एसएसएलपेक्षा मोठं दुखणं आहे. डोमेन कोणाच्या नावावर, कोणाच्या ईमेलवर आहे ते आधी शोधा. डोमेन आणि डीएनएसचं लॉगिन हातात असेल तर बाकी सगळं नव्याने उभं करता येतं, सर्टिफिकेट तर काय, जुनं शोधायचीसुद्धा गरज नाही, नवीन सर्व्हरवर नवीन घ्यायचं. डोमेनच त्याच्या नावावर असेल तर मात्र चांगल्या शब्दात बोलून, घरी जाऊन, कसंही करून आधी ते ट्रान्स्फर करून घ्या, मग या पानावर परत या.

माझी साईटच नाही, डोमेन घेऊन नुसतं इन्स्टाग्रामवर फॉरवर्ड केलंय.

तरी तपासा. डोमेन विकणाऱ्या काही कंपन्यांचं फॉरवर्डिंग फक्त एचटीटीपीवर चालतं, पण आताचे ब्राउझर आधी एचटीटीपीएसने उघडायला बघतात, मग कोणाकडे पान उशिरा उघडतं, कोणाकडे एरर येते. फोनमध्ये एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता टाइप करून बघा. इन्स्टाग्राम उघडलं तर ठीक, नाही उघडलं तर फॉरवर्डिंग क्लाउडफ्लेअरच्या फुकट खात्यातून करा, तिथे सर्टिफिकेट आपोआप मिळतं.